मोरी, न्हाणीघर आणि घरोघरची भांडणं

गेल्या रविवारी सकाळी आमच्या घरात एक छोटंसं महायुद्ध झालं. कारण अगदी क्षुल्लक. कमोडची सीट. नातवाने (वय वर्षे पंधरा) सीट वर न करताच काम उरकलं आणि त्याच्या पाठोपाठ सूनबाई आत गेली. पुढचं सांगायला नकोच! ती तणतणत बाहेर आली, तर आमच्या चिरंजीवांनी त्यांच्या चिरंजीवांची बाजू घेतली. "अगं, पुसून घ्यायचं ना, त्यात काय एवढं!"

मग काय, एकेक जुनी प्रकरणं बाहेर निघाली. पाण्यात विरघळत पडलेला साबण, पलंगावर टाकलेला ओला टॉवेल, पेपर घेऊन अर्धा अर्धा तास आत बसणं, आंघोळीनंतर फरशीवर केलेलं तळं. चिरंजीवांची उलट फिर्याद म्हणजे जाळीत अडकलेले लांब केस आणि आरशाला चिकटवलेल्या टिकल्या. आमचे हे पेपरात तोंड खुपसून बसले होते. बोलतील कसे? या सगळ्या गुन्ह्यांतले मूळ आरोपी तेच. :-)

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे कुठलीही लढाई दिसली की तिची कारणं आणि परिणाम शोधायची सवय जडली आहे. त्या दिवशी भाजी निवडता निवडता मनात आलं, की आमची आई आणि अण्णा यांच्यात यावरून कधी भांडण झालेलं मला का आठवत नाही? त्या काळचे पुरुष काही जास्त टापटिपीचे नव्हते. मग भांडण का नव्हतं?

याचं उत्तर शोधायला मला भिवंडीतल्या आमच्या जुन्या घरात जावं लागलं. घर आता नाही, तिथे चार मजली इमारत उभी आहे. पण डोळे मिटले की सगळं दिसतं.

साधारण १९५५ ते ६५ चा काळ. ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे परस. परसात विहीर, तिच्याजवळ एक मोठी काळी धोंड. अण्णा आणि काका तिथे उघड्यावर आंघोळ करत, मोठमोठ्याने स्तोत्रं म्हणत. थंडीत तांब्याच्या बंबातलं कढत पाणी घंगाळात ओतायचं, त्याला विसण घालायचं, पंचा हाताशी ठेवायचा, हे सगळं आईचं काम. बायकांची आंघोळ स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या मोरीत. कडेने हातभर उंचीचा कठडा, वर दोरीला टांगलेलं जुनेर. पुरुष उठायच्या आत किंवा ते बाहेर पडल्यावर, पाच मिनिटांत उरकायचं. आईने निवांत बसून आंघोळ केलेली मी फक्त दिवाळीत पाहिली आहे. म्हणजे न्हाण्याची जागा पुरुषांची वेगळी आणि बायकांची वेगळी. एकाने केलेला चिखल दुसऱ्याच्या पायाला लागतच नव्हता.

आणि संडास? तो परसाच्या पार टोकाला. दगडी चौथरा, त्यावर दोन खोल्या, खाली टोपली. रात्री कंदील घेऊन जायचं. पुरुषांना वेळकाळ नव्हता, जाता येता कुंपणाशी उभं राहिलं तरी चालायचं. आम्हा बायकांना मात्र सोबत लागायची. आई तर गावाला जायच्या दिवशी सकाळपासून पाणीच प्यायची नाही. "वाटेत कुठे जायचं?" हे तिचं ठरलेलं वाक्य. तहान ही बाईने मारायची गोष्ट असते, हे मी तिच्याकडूनच शिकले.

त्या टोपल्यांपर्यंत यायला मागच्या बाजूने एक अरुंद बोळ होती. रोज सकाळी तिथून एक बाई यायची. ती टोपली रिकामी करायची, मैला डोक्यावरून घेऊन जायची. तिने परसात पाऊल टाकायचं नाही. आई तिला पाणी वरून ओतायची आणि सणाला शिळंपाकं द्यायची.

तर माझ्या प्रश्नाचं उत्तर या बोळीत होतं. घरातल्या कुणी कितीही घाण केली तरी ती काढणारं माणूस घरातलं नव्हतं. मग घरात भांडण होणार कशाला? आणि जिने भांडावं तिचं ऐकायला बोळीत कुणी उभं नव्हतं.

या प्रश्नाकडे आपल्याकडे कुणाचं लक्ष गेलंच नाही असं मात्र नाही. कोकणातले अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथलं मैलासफाईचं काम आपल्यालाही करू द्यावं, अशी त्यांनी मागणी केली. ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांचं, म्हणून सरकारने नकार दिला. अप्पांनी अन्नत्याग सुरू केला आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजीही उपोषणाला बसले. मागणीचा विचार करणं सरकारला भाग पडलं. पुढे अप्पांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला आणि ज्याच्या मैल्याला हात लावावा लागणार नाही, उलट ज्याचं खत होईल असा साधा, स्वस्त संडास तयार करण्यात कित्येक वर्षं घालवली. १९४९ साली मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या राहणीमानाच्या चौकशीसाठी बर्वे समिती नेमली. पण टोपली संडासाला बंदी करणारा कायदा यायला १९९३ उजाडलं आणि तोही अपुरा पडला म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. यावरून काय ते समजा.

आता थोडं इंग्लंडात जाऊ. फ्लशचा संडास पहिल्यांदा बनवला तो सर जॉन हॅरिंग्टन नावाच्या सरदाराने, १५९६ च्या सुमारास, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात. पण तो काही रुजला नाही. वास यायचा ना! १७७५ साली अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने नळीला वाकडं वळण द्यायची युक्ती काढून तिचं पेटंट घेतलं. त्या वळणात थोडं पाणी साठून राहतं आणि गटारातला वास वर येत नाही. एवढीशी गोष्ट! पण त्या वाकड्या नळीमुळे परसाच्या टोकाचा संडास हळूहळू घरात आला, न्हाणीघराला चिकटला. आणि बाप, आई, मुलगा, सून एकच जागा वापरू लागले. आमच्या रविवारच्या युद्धाचं बीज खरं म्हणजे त्या वळणात आहे.

आमच्याकडे हे सगळं मी कॉलेजात असताना आलं. परसात सेप्टिक टँक खणला, पांढरं शुभ्र भांडं बसलं. मागची बोळ बंद झाली, ती बाई यायची थांबली. घरात केवढा आनंद! पण महिन्याभराने भांडं पिवळं दिसायला लागलं तेव्हा प्रश्न आला, हे घासायचं कुणी? त्यावर चर्चा झालीच नाही. आईने पदर खोचला, खराटा घेतला आणि कामाला लागली.

आणि मग एके दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, आई अण्णांना म्हणाली, "जाऊन आल्यावर बादलीभर पाणी ओतत जा. आणि उभ्याने... जरा जपून."

अण्णा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली, क्षणभर आईकडे बघितलं आणि म्हणाले, "हे काय बोलायचे विषय आहेत?"

संपलं. आई पुन्हा कधी बोलली नाही. रोज रात्री बादली भरून संडासाच्या दाराशी ठेवायला लागली, एवढंच. आमच्या घरातलं या विषयावरचं पहिलं भांडण हे. ते एका वाक्यात सुरू झालं आणि एका वाक्यात मिटलं.

म्हणजे साफ करायचं काम घरातल्या बाईच्या अंगावर आलं त्या दिवशी भांडण जन्माला आलं. पुरुष तोच होता, त्याच्या सवयीही त्याच होत्या.

चाळीत गोष्ट थोडी वेगळी. माझी मावशी नायगावच्या बीडीडी चाळीत राहायची. १९२० साली सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं आणि वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला मिळून २०७ चाळी बांधल्या. एकेका चाळीत ऐंशी खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. खोलीत मोरी, संडास मजल्यावर सामाईक. सकाळी डबा घेऊन रांग. मावशी म्हणायची, "नवऱ्याशी नाही गं, रांगेत भांडते मी!" त्या चाळी आता पाडल्या जात आहेत. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. बातमी वाचताना मला पहिली मावशीच आठवली. आता तिच्या सुना घरातल्या घरात भांडतील. :-)

आता माझी गोष्ट. मी नोकरीला लागले तेव्हा त्या शाळेत आम्ही चार बाया आणि बाकी सगळे पुरुष. मुतारी एकच, मैदानाच्या कडेला. दाराला कडी नाही. आम्ही काय करायचो? आईने शिकवलं तेच. साडेदहा ते साडेपाच पाणी प्यायचं नाही. दोन वर्षांत मला लघवीचा त्रास सुरू झाला. ताप, जळजळ, कळा. डॉक्टर म्हणाले, "बाई, पाणी प्या!" मी मान डोलावली. त्यांना काय सांगणार?

शेवटी आम्ही चौघी मुख्याध्यापकांकडे गेलो. भला माणूस, पण एकदम गोरामोरा झाला. म्हणाले, "बाई, हा विषय मीटिंगमध्ये मांडायचा तरी कसा?"

अण्णांचंच वाक्य! फक्त खुर्ची वेगळी.

आम्ही लेखी अर्ज दिला. आमच्यासाठी आणि मुलींसाठीही, कारण आठवी-नववीतल्या मुली महिन्यातून चार दिवस घरी राहायच्या आणि त्यातल्या काही पुढे यायच्याच बंद व्हायच्या. तीन वर्षं लागली, पण स्वतंत्र संडास झाला. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं सक्तीची झाली. ते वाचलं तेव्हा माझी निवृत्ती झाली होती. तरी मी पेढे आणले. ह्यांना कारण सांगितल्यावर हे पोट धरून हसले.

ही तऱ्हा आपलीच असंही नाही. लंडनच्या १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज याने एक पेनी घेऊन वापरायचे संडास लावले आणि लोकांनी गर्दी केली. पुढे लंडनमध्ये पुरुषांच्या मुताऱ्या फुकट, बायकांना मात्र पेनी, असा रिवाज पडला. आणि बायकांसाठी जागा तरी कुठे होत्या? विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कॅम्डेन भागात बायकांसाठी स्वच्छतागृह बांधायचा विषय निघाला, तेव्हा केवढा गहजब झाला. नमुना म्हणून रस्त्यात लाकडी सांगाडा उभा केला, तर गाड्या मुद्दाम त्यावर नेऊन आपटल्या. रस्त्यात कशी अडचण होते ते दाखवायला! स्थानिक कारभारात बसून बायकांची बाजू लढवणारा माणूस कोण, तर नाटककार बर्नार्ड शॉ.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी मुंबईत काय होतं? मुतारी पुरुषांना फुकट आणि बाईला पैसे. त्याविरुद्ध २०११ साली 'राइट टू पी' ही चळवळ सुरू झाली. वस्त्यांतल्या बायका सह्या गोळा करत फिरल्या. 'मिळून साऱ्याजणी'च्या याचिकेवर डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना रस्त्यांवर स्त्रियांसाठी स्वच्छतागृहं बांधायला सांगितलं. ज्या विषयावर माझ्या आईला दोन वाक्यं बोलता आली नाहीत, तो न्यायमूर्तींच्या निकालात आला!

असो. लांबलंच जरा. (शिक्षकाच्या हातात खडू दिला की असंच होतं.)

त्या रविवारी दुपारी मी नातवाला जवळ बसवून हे सगळं सांगितलं. म्हटलं, सीट वर का खाली हा मुद्दाच नाही रे. घासतं कोण, हा मुद्दा आहे. आपल्याला कधी घासावं लागत नाही म्हणून आपल्याला दिसत नाही. त्याला बोळीतल्या त्या बाईबद्दलही सांगितलं. तो गंभीरपणे ऐकत होता. मग त्याने विचारलं, "आजी, तिचं नाव काय होतं?"

मी गप्प बसले. इतकी वर्षं ती रोज आमच्या घरी येत होती. तिचा हिरवा पदर आठवतो, वरून पडणाऱ्या पाण्याखाली धरलेली ओंजळ आठवते. नाव आठवत नाही. खरं सांगायचं तर ते मला कधी माहीतच नव्हतं. आईलाही नसावं. मी कधी विचारलं नाही. अण्णांनी आईला गप्प केलं ते मला साठ वर्षं सलत राहिलं, आणि ही बाई मात्र आज एका पोराने विचारलं म्हणून आठवली.

आता आमच्याकडे पाळ्या लावल्या आहेत. सोमवार सूनबाई, मंगळवार चिरंजीव, बुधवार नातू आणि गुरुवारी चक्क हे. ब्रश उलटा धरतात, पण धरतात. फरशी अजून ओली असते, टॉवेल अजून पलंगावर पडतो. पण पहिल्या बुधवारनंतर सीटची तक्रार आलेली नाही.

तुमच्या घरी बुधवार कुणाचा असतो? जरूर कळवा.