होतकरूंची पारख

सोन्याचा कस लावणाऱ्या सराफास एक सोय असते. आज सोने असलेली वस्तू उद्या पितळ होत नाही, आणि पितळेचे सोने होत नाही. खेळाडूंची निवड करणाऱ्यास ही सोय नाही. विशीच्या आतबाहेरचा तरुण आज कसा खेळतो एवढेच त्यास दिसते. ठरवावयाचे असते ते हा तरुण पाच वर्षांनी कसा खेळेल हे. या पारखीचा इतिहास चाळू लागलो तेव्हा आम्हांस आढळले की, त्यात निवडलेल्यांइतकीच निवडणाऱ्यांचीही परीक्षा झालेली आहे.

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलपटूंना व्यावसायिक संघांनी पाळीपाळीने निवडावयाचे, आणि आदल्या हंगामात तळाशी राहिलेल्या संघास पहिली पाळी द्यावयाची, अशी पद्धत १९३६ साली सुरू झाली. त्या वर्षी सर्वांत प्रथम ज्याचे नाव पुकारले गेले तो जे बरवेंगर व्यावसायिक सामना एकही खेळला नाही. उलट २००० साली ज्याच्याआधी १९८ जणांची नावे पुकारली गेली, त्या टॉम ब्रेडीने पुढे सात अजिंक्यपदे मिळवली. आता तर तेथे उमेदवाराची उंची, वजन, धाव, उडी, सारे मोजतात. परंतु हार समोर दिसत असता मन स्थिर राहील की नाही, हे मोजणारे यंत्र अद्याप निघालेले नाही.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आमच्या रायपुराहून कलकत्त्याच्या लोहमार्गाने निघाले की काही तासांतच बिलासपूर लागते. नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी असण्याच्या काळात, १९२७ साली, याच बिलासपुरात लेस्ली क्लॉडियस यांचा जन्म झाला. पुढे ते खरगपुरास गेले आणि बंगाल-नागपूर रेल्वेकडून खेळू लागले, पण फुटबॉल. १९४६ साली बायटन चषकाच्या तयारीसाठी रेल्वेच्या दोन हॉकी संघांचा सराव चालला होता, आणि एक गडी कमी पडला. १९३२ च्या ऑलिंपिकमधील सुवर्णविजेत्या संघातील डिकी कार तेथे होते. सामना पाहत उभ्या असलेल्या या फुटबॉलपटूच्या हाती त्यांनी काठी दिली. दोनच वर्षांनी क्लॉडियस लंडनच्या ऑलिंपिक संघात होते. १९४८, १९५२ व १९५६ ची तीन सुवर्णपदके आणि १९६० चे, कर्णधार या नात्याने मिळवलेले, रौप्यपदक ही त्या रिकाम्या जागेची फलश्रुती होय. कार यांच्यापुढे क्लॉडियसची हॉकीतील कोणतीही नोंद नव्हती. होती ती केवळ जाणती नजर.

दुसरे उदाहरण मुंबईचे. आंतरविद्यापीठीय क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक हा एके काळी उमेदवारांचा मोठाच आखाडा होता. अजित वाडेकर, दिलीप सरदेसाई आणि सुनील गावसकर हे तिघेही त्यातूनच पुढे आले. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी विजय मर्चंट यांच्या अध्यक्षतेखालील निवडसमितीने पतौडींच्या जागी वाडेकरांना कर्णधार केले. संघात एकवीस वर्षांचा, रणजी सामने मोजकेच खेळलेला गावसकर होता, आणि ज्याचे दिवस सरले असे अनेकांस वाटत होते तो मडगावचा सरदेसाईही होता. गावसकरने चार कसोटींत ७७४ धावा केल्या, सरदेसाईने पाच कसोटींत ६४२. भारताने ती मालिका जिंकली. कोवळ्या अंकुरावर विश्वास टाकणे आणि वठला म्हणून सोडलेल्या झाडास पुन्हा पाणी घालणे, ही दोन्ही धाडसे एकाच यादीत होती.

तिसरे उदाहरण ताजे, आणि छत्तीसगडचेच. या राज्याचा संघ रणजी स्पर्धेत उतरला तो २०१६-१७ च्या हंगामात. भिलाईस जन्मलेला, मुंबईकडून खेळून छत्तीसगडकडे आलेला शशांक सिंह याने २०२३ च्या विजय हजारे स्पर्धेत मणिपूरविरुद्ध १५२ धावा केल्या व पाच बळीही घेतले. प्रतिपक्ष दुबळा, म्हणून तो पराक्रम कोणी फारसा मनावर घेतला नसावा. पुढच्याच महिन्यात, १९ डिसेंबरला, दुबईच्या लिलावात पंजाबच्या संघाने त्याला वीस लाखांस घेतले. आणि हातोडा पडल्यावर, आपणांस हा खेळाडू नको होता, अशी चुळबूळ सुरू झाली. सौदा मात्र पुरा झाला होता. यादीत एकाच नावाचे दोघे असल्याने गोंधळ झाला, आम्हांस हाच हवा होता, असा खुलासा संघाने नंतर केला. ४ एप्रिल २०२४ रोजी अहमदाबादेस याच शशांकने २९ चेंडूंत नाबाद ६१ धावा करून पंजाबला सामना जिंकून दिला. पुढील हंगामासाठी त्याच संघाने त्याला साडेपाच कोटींस राखून ठेवले.

या तिन्ही कथांचा शेवट गोड आहे, म्हणूनच त्या आपल्यापर्यंत आल्या. ज्या दिवशी एकही गडी कमी पडला नाही, त्या दिवशी मैदानाच्या कडेला कोण उभे होते, याची नोंद कोठेच नसते. ‘योग्य’, ‘सामान्य’, ‘प्रतीक्षा करावी’ हे शेरे आमच्या वाचकांना परके नाहीत; पुष्कळांच्या लेखणीतून दरवर्षी ते कोणाच्या ना कोणाच्या अहवालावर उतरतात. लिहावयास क्षण पुरतो, परंतु दुसऱ्याची पाचदहा वर्षे त्याखाली असतात. चुका मर्चंटांसारख्यांनाही टळत नाहीत. तथापि शेरा लिहिण्यापूर्वी माणसाकडे एकदा नीट पाहावे, आणि लिहिल्यानंतरही तो बदलण्याची तयारी ठेवावी, एवढे तर कोणासही करता येण्याजोगे आहे.