चूल, पाळणा आणि पुरुष

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा कार्यकारी मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा समाजातील वडीलधाऱ्यांची चरित्रे लिहावीत असे प्रथम मनात आले होते. परंतु गेल्या वर्षीच्या वधूवर परिचय मेळाव्यात एक प्रसंग घडला व विषय बदलावा लागला. आपल्यातील एका तरुणाची पत्नी परिचारिका आहे. तिला रात्रपाळी असते आणि दोन्ही मुले लहान आहेत. उभयतांनी विचार करून त्या तरुणाने आपली तुटपुंजी खासगी नोकरी सोडली व आता तो घर आणि मुले सांभाळतो. मंडपात कोणीसे म्हणाले, "बायकोच्या जिवावर बसला आहे." हशा पिकला. खेदाने सांगावे लागते की, त्या हशात आम्हीही होतो. तो तरुण धाकट्याला कडेवर घेऊन न जेवताच निघून गेला. ज्या परंपरेच्या नावाने आपण हसलो, ती खरोखर किती जुनी आहे, हे पाहण्याची बुद्धी आम्हांस त्यानंतर झाली.

प्रथम आपल्या मुकुटबनचेच पाहू. हा मुलूख कापसाचा. शेतकऱ्याचे घर आणि त्याचे काम यांत पूर्वी अंतर नव्हते. बाप वखर हाकी तेव्हा पोर बांधावर खेळे, खळ्यावर असे तेव्हा ते कडब्यापाशी निजे. दसऱ्यानंतर कापूस फुटला की बायका पहाटे भाकरी बांधून वेचणीला जात व आजही जातात, कारण वेचणीची मजुरी वजनावर मिळते आणि ते काम बायकांचे मानले गेले आहे. त्या दिवसांत ओसरीवर लेकरू कोणी राखले? बहुधा आजोबांनी, आणि पुष्कळदा बापानेही. त्याला कोणी नाव दिले नाही, म्हणून त्याची नोंद राहिली नाही, इतकेच.

मग बाप घराबाहेर गेला केव्हा? १८५३ साली मुंबई ते ठाणे आगगाडी धावली. त्यानंतर थोड्याच वर्षांत मुंबईत कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. कोकणातील व घाटावरील पुरुष गिरणीत गेले आणि बायकामुले गावी राहिली. कचेऱ्या वाढल्या तसा कारकून सकाळी जाऊन संध्याकाळी परतू लागला. आपल्याकडे कोळसा व चुनखडी निघू लागल्यावर आणि २०२२ साली सिमेंटचा कारखाना सुरू झाल्यावर हेच चित्र दिसू लागले. सारांश, दिवसभर घराबाहेर राहून केवळ पगार आणणारा बाप हा सनातन नसून बराचसा अलीकडचा आहे.

आता संतांकडे वळू. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईची कथा प्रत्येक वारकऱ्यास ठाऊक आहे. प्रत्यक्ष विठ्ठल तिच्या जात्याला हात लावतो, तिच्यासोबत शेण्या वेचतो. पैठणास एकनाथांच्या घरी श्रीखंड्याच्या रूपाने देव कावडीने पाणी भरतो. या कथा इतिहास नव्हेत, हे आम्ही जाणतो. तथापि ज्या समाजाने त्या शेकडो वर्षे भक्तीने ऐकल्या, त्याने दळण-पाणी हे काम देवालाही हलके मानले नाही. देवाने केले तर लीला आणि जावयाने केले तर लाज, हा न्याय कोठला?

एकोणिसाव्या शतकात तर जिवंत उदाहरणे आहेत. जोतीराव फुले १८२७ साली जन्मले आणि वर्षाच्या आतच त्यांची आई चिमणाबाई वारली. वडील गोविंदराव यांनी दुसरे लग्न न करता सगुणाबाई क्षीरसागर यांच्या मदतीने मुलांना वाढविले. हेच गोविंदराव पुढे लोकांच्या दडपणाखाली मुला-सुनेस घराबाहेर काढते झाले, हेही विसरता येत नाही. लोकापवादाचे भय मायाळू बापालाही कसे वाकविते, याचा हा धडा आहे.

आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकी शिकण्यास एकट्या अमेरिकेस गेल्या व १८८६ साली पदवी घेऊन डॉक्टर झाल्या. पती गोपाळराव पोस्टात नोकरीस होते. पत्नी समुद्रापार शिकते आहे आणि नवरा मागे राहिला आहे, हे दृश्य त्या काळी किती विपरीत वाटले असेल! गोपाळरावांचा स्वभाव कठोर होता व पत्नीस त्यांनी पुष्कळ दुखविले. त्यांना आदर्श म्हणून आम्ही पुढे करीत नाही. पण रूढ चाकोरी मोडता येते, एवढे त्यांनी दाखविले. त्याच सुमारास, १८८२ साली, आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून, जे दोष बाईच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय, असा रोकडा सवाल केला.

पुढे १९१६ साली विनोबा गांधीजींना प्रथम भेटावयास अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात गेले, तेव्हा गांधीजी भाजी चिरीत बसले होते. त्यांनी पाहुण्याच्या हातीही सुरी दिली. आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात पुरुषांनी दळले, रांधले, झाडले. त्यांचे पौरुष त्याने उणे झाले असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

तरीही मन बदलले नाही आणि कायदाही हळूहळूच बदलला. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने पाळणाघराची तरतूद केली, ती कामकरी स्त्रियांच्या संख्येवरून. जणू पुरुष कामगाराला मूल नसतेच. २०१७ च्या दुरुस्तीने मातेची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यास मूल झाल्यावर १५ दिवस मिळतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ सालच्या पाहणीत, ६ वर्षांवरील दर १०० स्त्रियांपैकी सुमारे ८१ जणी घरचे बिनमोल काम करताना आढळल्या, तर पुरुषांपैकी अवघे २६. जे करीत होते त्यांत बाईचा रोजचा वेळ सरासरी २९९ मिनिटे, पुरुषाचा ९७.

वडील मंडळी विचारतील, "लेकराला आईच लागते ना?" अंगावर पाजणे हे निसर्गाने आईकडे दिले आहे, हे निर्विवाद. परंतु न्हाऊ घालणे, भरविणे, तापात उशाशी बसणे, शाळेची तयारी करणे, ही कामे निसर्गाने वाटून दिलेली नाहीत; ती आपण वाटली. आपल्या लग्नकार्यात हजार पानांचा स्वयंपाक कोण करतो? पुरुष आचारीच. हजारांसाठी झारा धरणारा हात चौघांसाठी तवा ठेवताना का लाजावा?

येथे एक सावधगिरी हवी. घर सांभाळण्याच्या नावाखाली पारावर पत्ते कुटणारा आणि बायकोचा पगार गुत्त्यात घालणारा निराळा. त्याची भलावण आम्ही करीत नाही. तसेच प्रत्येक बापाने नोकरी सोडावी असेही आमचे म्हणणे नाही. कोणी काय करावे हे त्या घराने ठरवावे. जो प्रामाणिकपणे राबतो, त्याच्या कामाला मान असावा, एवढेच मागणे आहे. तो मान गृहिणीलाही आपण आजवर दिलेला नाही. बाईचे काम फुकटचे मानले, म्हणूनच ते करणारा पुरुष फुकटा ठरला. दोघांचा अपमान एकाच मुळातून आला आहे.

मंडळास आमची नम्र सूचना आहे की, यंदाच्या परिचय-पत्रकात व्यवसायाच्या रकान्यात 'गृहव्यवस्था' हा शब्द मुलगा व मुलगी दोघांसाठी छापावा. अक्षरे पाच, खर्च शून्य. आणि त्या तरुणास सपत्नीक, मुलांसह, आगत्याने बोलवावे. तो आला तर त्याच्या शेजारच्या पाटावर आम्ही बसू आणि धाकट्याला मांडीवर घेऊ. मुले आम्ही वर्गात पुष्कळ सांभाळली. घरची मात्र कधी निजविली नाहीत, ती सारी त्यांच्या आईने वाढविली. उतारवयात का होईना, तो धडा गिरवावा म्हणतो.

इत्यलम्.