‘रन’ म्हणजे फक्त धावणे? एका इंग्रजी क्रियापदाचे तब्बल ६४५ अर्थ

‘रन’ म्हणजे धावणे, हे शाळेत पाठ केलेलं असतं. मग कुणीतरी ‘माय नोज इज रनिंग’ म्हणतं आणि नाक कुठे धावलं, असा प्रश्न पडतो. नाक गळतंय, एवढंच त्याला सांगायचं असतं.

‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’त पूर्वी सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’ या क्रियापदाकडे होता. १९८९ च्या आवृत्तीत त्याचे ४३० अर्थ होते. नंतर कोशकार पीटर गिलिव्हर यांनी ‘रन’ची नोंद नव्याने तयार केली. त्याला नऊ महिने लागले आणि अर्थ निघाले ६४५! पाणी, रस्ता, अफवा यांच्यासाठी हा शब्द आधीपासून होताच. यंत्रं आणि रेल्वे आल्यावर त्यात आणखी भर पडली. आता ॲपही ‘रन’ होतं.

मराठीत मात्र प्रत्येक वेळी वेगळं क्रियापद लागतं. दुकान चालवतात, नळ वाहतो, धुताना कपड्याचा रंग जातो, वर्तमानपत्र बातमी छापतं. इंग्रजीत या सगळ्यासाठी ‘रन’ चालतं. (आपलं ‘लागणे’ही काही कमी नाही. भूक लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, घाटात गाडीही लागते. परभाषकाला हे समजावून बघा!)

खरी फसगत समानार्थी शब्दांत होते. इंटरनेटवर ‘रन’साठी मॅनेज, ऑपरेट, फ्लो, स्प्रिंट असे शब्द मिळतात, पण ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘शी रन्स अ कंपनी’मध्ये ‘मॅनेजेस’ चालेल; ‘ही इज रनिंग अ फीव्हर’ म्हणजे त्याला ताप आहे, तिथे ‘मॅनेजिंग’ घातलं तर अर्थच बदलतो. त्यामुळे आधी वाक्य बघायचं, मग पर्याय शोधायचा.

पुढे जोडलेल्या छोट्या शब्दाकडे तर नीट लक्ष हवं. ‘आय रॅन इनटू माय बॉस’ म्हणजे बॉस अचानक भेटले. ‘इनटू’ऐवजी ‘ओव्हर’ लिहिलंत, तर तुम्ही बॉसच्या अंगावर गाडी घातलीत! ‘रन आउट ऑफ’ म्हणजे संपणे: पैसे, वेळ, पेट्रोल, काहीही.

देशानुसारही फरक पडतो. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’, म्हणजे उभा राहतो. मराठीतही तो उभाच राहतो, शिवाय निवडणूक लढवतो. भारतातल्या इंग्रजी बातम्यांत ‘कॉन्टेस्ट’ हा शब्द जास्त दिसतो.