गळकाठीचा टिकाऊपणा आणि महाशीर : एका साधनाचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

साधनांचा इतिहास बहुधा शेती, युद्ध आणि उद्योग यांच्या संदर्भात लिहिला जातो. करमणुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या साधनांची दखल त्या मानाने कमी घेतली जाते. वास्तविक अशा साधनांतूनही त्या त्या काळातील तंत्रज्ञान, व्यापार, सत्तासंबंध आणि निसर्गाकडे पाहण्याची दृष्टी यांचे दर्शन घडते. मोठा मासा गळाने धरण्यासाठी वापरली जाणारी काठी हे असेच एक साधन होय. मोठ्या माशासाठी टिकाऊ काठी कोणती, हा प्रश्न वरवर पाहता शौकिनांचा वाटतो. परंतु भारतातील महाशीर या माशाच्या संदर्भात त्याचा विचार केला असता, त्याच्या उत्तरात सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास सामावलेला दिसतो. या काळात काठी क्रमाक्रमाने बळकट होत गेली आणि मासा मात्र दुर्मीळ होत गेला. प्रस्तुत निबंधात या दोन प्रवाहांचा परस्परसंबंध तपासला आहे.

पूर्वपीठिका

गळाने मासे धरण्याचा छंद भारतात इंग्रजांनी आणला, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'मत्स्यविनोद' हे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांना घालावयाचे खाद्य, गळ आणि दोर यांचा विचार त्यात केलेला आहे. ख्यातनाम प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. दख्खनच्या राजदरबारात हा विनोद शास्त्र म्हणून मांडला गेला होता, ही बाब महत्त्वाची आहे.

महाशीर हे 'टॉर' या प्रजातीतील माशांचे सर्वसाधारण नाव होय. दख्खनमधील महाशीराची शास्त्रीय नोंद कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये पुणे परिसरातील नद्यांमधील नमुन्यांवरून केली. स्थानिक नाव स्वीकारून त्यांनी त्यास 'खुद्री' असे संबोधले व तेच नाव पुढे शास्त्रात रूढ झाले.

हेन्री सलिव्हन थॉमस आणि वसाहतकालीन दृष्टी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाशीर हा ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या आकर्षणाचा विषय बनला. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी दक्षिण कानडा जिल्ह्यातील अनुभवाच्या आधारे लिहिलेला 'द रॉड इन इंडिया' हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्कॉटलंडमधील सामन माशापेक्षा महाशीर अधिक झुंज देतो, हा त्यांचा दावा त्या काळी बराच चर्चिला गेला. या दाव्याचा साधनांशी थेट संबंध होता. सामनसाठी बनवलेली काठी महाशीरापुढे पुरेशी पडेल काय, असा प्रश्न त्यातून उभा राहिला.

हा प्रश्न समजून घेण्यासाठी माशाचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. महाशीर खडकाळ आणि वेगवान प्रवाहात राहतो. गळ लागताच तो प्रवाहाच्या दिशेने जी पहिली धाव घेतो, तिच्यात दोर झपाट्याने सुटत जातो आणि खडकांवर घासतो. त्याच्या जबड्याची पकड अशी असते की हलक्या प्रतीचे गळ चेपून जातात. अशा वेळी काठीला तीन कामे एकाच वेळी करावी लागतात : आमिष दूरवर फेकणे, अकस्मात बसणारा हिसका शोषून दोर तुटू न देणे आणि शेवटी थकलेल्या माशाला किनाऱ्याकडे वळवणे. पहिल्या दोन कामांसाठी लवचीकता हवी, तर तिसऱ्यासाठी मुठीकडील भागात ताठरपणा हवा. त्यामुळे जी काठी वाकतच नाही ती बळकट, ही सामान्य समजूत येथे लागू पडत नाही. बुंध्यात दम आणि शेंड्यात लवचीकता यांचा मेळ साधणारी काठीच टिकते.

लाकूड आणि बांबू

त्या काळी इंग्लंडमध्ये काठीसाठी 'ग्रीनहार्ट' हे दक्षिण अमेरिकेतील गयाना प्रदेशातून येणारे लाकूड मोठ्या प्रमाणावर वापरले जाई. ते चिवट होते, परंतु वजनदार होते आणि मोडताना पूर्वसूचना न देता मोडे. दुसरा पर्याय चिरलेल्या बांबूचा होता. बांबूची सर्वांत मजबूत तंतुरचना सालीलगत असते. सालीकडील भागाच्या त्रिकोणी पट्ट्या काढून, सहा पट्ट्या एकमेकींना चिकटवून षट्कोनी काठी तयार करण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत विकसित झाली. सॅम्युअल फिलिप आणि हायरम लिओनार्ड ही या संदर्भातील महत्त्वाची नावे होत. इंग्लंडमध्ये १८७२ साली स्थापन झालेल्या हार्डी बंधूंच्या कारखान्याने अशा काठ्यांना मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली.

येथे एक लक्षणीय बाब नोंदवली पाहिजे. अमेरिकी कारागीर प्रारंभीच्या काळात जो बांबू वापरत, तो 'कलकत्ता बांबू' या नावाने ओळखला जाई. तो भारतातून कलकत्ता बंदरामार्गे निर्यात होत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत दक्षिण चीनमधील 'टोंकिन' बांबूने त्याची जागा घेतली. म्हणजेच साहेबाची विलायती काठी ज्या तंत्रावर उभी होती, त्या तंत्राचा प्रारंभीचा कच्चा माल हिंदुस्थानचाच होता. कच्चा माल वसाहतीतून बाहेर जावा आणि पक्का माल मोठ्या किमतीने परत यावा, हे वसाहतकालीन अर्थव्यवहाराचे परिचित सूत्र या छोट्याशा वस्तूतही आढळते.

मात्र हवामानाचा प्रश्न उरलाच. चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या जोडण्यासाठी प्राणिज सरस वापरला जाई. तो ओलाव्याने सैल पडतो. म्हणून काठीवर जवळजवळ रेशमी धाग्याचे वेढे देऊन वर रोगण चढवले जाई. पावसाळी हवा, कडक ऊन आणि कीड यांमुळे भारतात अशा काठीची निगा राखणे जिकिरीचे होते. मध्यभागी पोलादी तार बसवलेल्या काठ्याही विकल्या गेल्या. परंतु वाकणाऱ्या दांड्याच्या मध्यावर ताण सर्वांत कमी असतो. त्यामुळे तारेने वजन वाढे, त्या प्रमाणात बळ वाढत नसे. याउलट भरीव देशी बांबूची एकसंध काठी दिसायला ओबडधोबड असली तरी सांधे नसल्याने त्या जागी मोडण्याचे भय नसे आणि मोडली तरी जवळच्या रानातून दुसरी मिळे. टिकाऊपणा केवळ वस्तूच्या अंगचा गुण नाही. दुरुस्तीची सोय, हवामान आणि पुरवठा यांच्याशीही तो निगडित असतो, हे यावरून स्पष्ट होते.

काच, कार्बन आणि बदललेला तोल

कावेरीची उपनदी कबिनी हिच्यावर १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एका सदस्याने १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा महाशीर गळाने धरला. गळाने धरलेल्या महाशीराचा हा उच्चांक म्हणून सर्वत्र उल्लेखिला जातो. योगायोगाने याच सुमारास अमेरिकेत काचतंतूंपासून बनवलेल्या काठ्या बाजारात येऊ लागल्या. १९५० नंतर अमेरिकेने चिनी मालावर घातलेल्या निर्बंधांमुळे टोंकिन बांबू दुर्मीळ झाला आणि काचतंतूंच्या प्रसारास गती मिळाली. कुजणारा रेशमी दोर मागे पडून नायलॉनचा दोर आला. १९७० च्या दशकात कार्बनतंतूंच्या काठ्या अवतरल्या. कार्बनची काठी हलकी आणि ताठ असते, परंतु खडकावर आपटून ओरखडा पडल्यास ती तेथेच मोडण्याचा संभव असतो. काचतंतू वजनाने जड, पण मार सोसणारा असतो. म्हणून मोठ्या माशांच्या काठ्यांमध्ये काचतंतूंचा किंवा दोहोंच्या मिश्रणाचा वापर पुढेही टिकून राहिला.

या बदलाचा खरा अर्थ तांत्रिक तपशिलाच्या पलीकडचा आहे. काठी, दोर, गळ आणि मासा ही एक साखळी मानली, तर १८७३ मध्ये या साखळीतील दुबळा दुवा मनुष्याच्या हातातील साधन हा होता. शंभर वर्षांनी साधन बळकट झाले आणि मासा हाच दुबळा दुवा ठरला.

माशाची नाजूक स्थिती

या बदलाला गळ कारणीभूत होता, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. कावेरीवर १९३४ मध्ये मेट्टूर आणि कबिनीवर १९७४ मध्ये कबिनी धरण पूर्ण झाले. नद्यांचे प्रवाह खंडित झाले. वाळूउपसा, प्रदूषण आणि सुरुंगाच्या दारूने होणारी मासेमारी यांची त्यात भर पडली. विष आणि स्फोटके यांनी मासे मारण्यावर १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच बंदी घातली होती. पिल्लांचा संहार थांबवावा, असा आग्रह खुद्द थॉमस यांनीही धरला होता. कायदा होता, अंमलबजावणी अपुरी राहिली.

संवर्धनाच्या प्रयत्नांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महाशीराचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णी यांचे कार्य या संदर्भात मूलभूत मानले जाते. तेथील पिल्ले देशातील अनेक जलाशयांत सोडण्यात आली. परंतु या यशाला दुसरी बाजूही होती. कावेरीत बाहेरून सोडलेला खुद्री महाशीर वाढला आणि तेथील मूळचा कुबडधारी महाशीर घटत गेला. हा निष्कर्ष गळ टाकणाऱ्यांनी १९९८ ते २०१२ या काळात ठेवलेल्या नोंदवह्यांच्या अभ्यासातून पुढे आला, हे विशेष होय. कुबडधारी महाशीराची शास्त्रीय ओळख 'टॉर रेमादेवी' अशी २०१८ मध्ये निश्चित झाली आणि त्याच वर्षी त्याची अतिसंकटग्रस्त म्हणून आंतरराष्ट्रीय नोंद झाली. शंभर पौंडांचे जे मासे काठीच्या बळाची कसोटी ठरले, ते याच मत्स्यकुळातील असल्याचे अभ्यासक मानतात.

दरम्यान, मासा धरून पुन्हा जिवंत सोडण्याची प्रथा रुजली. या प्रथेने टिकाऊ काठीच्या निकषालाही नवा अर्थ दिला. काठी कमकुवत असल्यास झुंज लांबते, मासा पूर्ण थकतो आणि सोडल्यानंतरही दगावण्याची शक्यता वाढते. पुरेशा दमाची काठी झुंज लवकर संपवते. पूर्वी बळकट काठी शिकाऱ्याच्या यशासाठी हवी होती. आता ती माशाच्या जीवितासाठीही आवश्यक ठरते. पुढे कावेरी अभयारण्यातील गळमासेमारी वन्यजीव कायद्याच्या आधारे बंद करण्यात आली. या निर्णयाने माशाला विसावा मिळाला, की नदीवरील जागता पहारा उठला, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मोठ्या माशासाठी काठीची निवड हा केवळ बळाचा प्रश्न नव्हता. लवचीकता आणि ताठरपणा यांचा मेळ, हवामान आणि दुरुस्तीची सोय यांनी ती ठरत गेली. दुसरी, विलायती मानल्या गेलेल्या या साधनाच्या जडणघडणीत भारतीय बांबूचा आणि भारतीय नद्यांचा वाटा होता. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, साधनाचा टिकाऊपणा आणि ज्याच्यासाठी ते साधन घडले त्या जीवाचा टिकाऊपणा हे दोन प्रश्न वेगळे करता येत नाहीत. रायगड जिल्ह्यातील वाळण कोंडीसारख्या देवाच्या डोहात श्रद्धेच्या बळावर महाशीर राखला गेला आहे. तेथे काठीला प्रवेश नाही. कावेरीवर काठी धरणाऱ्यांच्याच नोंदींनी माशाच्या ऱ्हासाची वार्ता दिली. संवर्धनाचे हे दोन मार्ग परस्परविरोधी भासले तरी दोहोंचाही अभ्यास होणे गरजेचे आहे. न मोडणारी काठी तयार करण्याची विद्या मनुष्याने साध्य केली आहे. तिच्या कसोटीला उतरेल असा मासा नदीत शिल्लक ठेवणे हे त्याहून अवघड काम अद्याप बाकी आहे.