दशमांश (यहुदी परंपरा)

दशमांश (हिब्रू: मासेर) म्हणजे यहुदी धर्मशास्त्रानुसार शेतीच्या उत्पन्नातून वेगळा काढावयाचा दहावा हिस्सा होय. त्याच्या आधी याजकांसाठी तेरुमा नावाचे समर्पण काढले जाते. स्वतःची जमीन नसलेल्या लेवी वंशाचा व त्यातील याजकांचा उदरनिर्वाह या हिश्श्यांवर अवलंबून होता. हे नियम तोराच्या लेवीय, गणना व अनुवाद या पुस्तकांत आढळतात. त्यांचा तपशील मिश्नाच्या झेराईम (बियाणे) या विभागात दिलेला आहे.

याजक आणि लेवी

लेवी हा याकोब व लेआ यांचा तिसरा पुत्र. त्याच्या वंशजांना लेवी म्हणतात. मोशेचा भाऊ अहरोन याच्या पुरुषपरंपरेतील वंशज हे याजक (हिब्रू: कोहेन, अनेकवचन कोहानिम) होत. म्हणजे प्रत्येक याजक लेवी वंशाचा असतो, परंतु प्रत्येक लेवी याजक नसतो. वेदीवर बली अर्पण करणे, धूप जाळणे व लोकांना आशीर्वाद देणे ही याजकांची कामे होती. लेवी त्यांना साहाय्य करीत. जेरुसलेमच्या मंदिरात गायन, वादन व द्वाररक्षण त्यांच्याकडे असे. याजकांचे २४ वर्ग होते व ते पाळीपाळीने सेवा करीत.

कनान देशाची वाटणी झाली तेव्हा लेवी वंशाला स्वतंत्र प्रदेश मिळाला नाही. इतर वंशांच्या प्रदेशांतील ४८ नगरे व त्यांभोवतीची कुरणे तेवढी राहण्यासाठी देण्यात आली. गणना या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात दशमांश हा लेवींच्या सेवेचा मोबदला म्हणून सांगितला आहे. धर्मशास्त्राच्या दृष्टीने तो भिक्षा नसून हक्काचा वाटा होता.

हिश्श्यांचे प्रकार

तेरुमा: उत्पन्नातून प्रथम काढावयाचा याजकाचा हिस्सा. तोरामध्ये त्याचे प्रमाण ठरवलेले नाही. मिश्नानुसार उदार मनुष्य चाळिसावा, मध्यम मनुष्य पन्नासावा व कंजूष मनुष्य साठावा भाग देतो. तेरुमा याजक व त्याचे कुटुंबीय शुद्ध अवस्थेतच खाऊ शकत. याजकेतर कुळात विवाह होऊन गेलेल्या याजककन्येस तो वर्ज्य असे.

पहिला दशमांश (मासेर रिशोन): उरलेल्या उत्पन्नाचा दहावा भाग, हा लेवीला दिला जाई. लेवीने त्यातील दहावा भाग याजकाला देणे बंधनकारक होते.

दुसरा दशमांश (मासेर शेनी): सात वर्षांच्या चक्रातील पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या व पाचव्या वर्षी काढला जाई. तो मालकाचाच असे, मात्र जेरुसलेममध्ये नेऊन खावा लागे. अंतर फार असल्यास धान्याऐवजी पैसे नेऊन तेथे खाद्यपदार्थ विकत घेता येत.

गरिबांचा दशमांश (मासेर अनी): तिसऱ्या व सहाव्या वर्षी दुसऱ्या दशमांशाच्या जागी गरिबांना दिला जाई. सातवे वर्ष शेमिता, म्हणजे जमिनीच्या विश्रांतीचे असल्याने त्या वर्षी दशमांश नसे.

यांशिवाय सात प्रकारच्या पिकांची प्रथम फळे (बिक्कुरीम) आणि मळलेल्या कणकेतील एक भाग (खल्ला) याजकाला दिला जाई.

उदाहरणार्थ, १,००० किलो गव्हातून पन्नासाव्या भागाच्या प्रमाणाने २० किलो तेरुमा निघे. उरलेल्या ९८० किलोंतील ९८ किलो लेवीला मिळत व त्यांतील ९.८ किलो तो याजकाला देई. राहिलेल्या ८८२ किलोंतून ८८.२ किलो दुसऱ्या दशमांशासाठी किंवा गरिबांसाठी काढल्यावर शेतकऱ्याजवळ ७९३.८ किलो उरत.

खळ्यावर धान्याची रास पूर्ण झाली की हे हिस्से काढणे बंधनकारक होई. हिस्से न काढलेल्या मालास तेवेल म्हणतात व तो खाणे निषिद्ध आहे.

अंमलबजावणी आणि संघर्ष

हिस्से शेतकऱ्याने स्वतः काढावयाचे असल्याने ही व्यवस्था त्याच्या निष्ठेवर विसंबून होती. नहेम्याच्या पुस्तकानुसार, इ.स.पू. पाचव्या शतकात लेवींना त्यांचे वाटे मिळेनासे झाले, तेव्हा ते व गायक मंदिरसेवा सोडून आपापल्या शेतांकडे परतले. नहेम्याने अधिकाऱ्यांना जाब विचारून लेवींना परत बोलावले आणि कोठारांवर विश्वासू कारभारी नेमले. मलाखीच्या पुस्तकात दशमांश न देणे ही देवाची फसवणूक ठरवली आहे.

दुसऱ्या मंदिराच्या काळात पहिला दशमांश याजकही घेऊ लागले. बाबिलोनहून परतताना लेवी पुढे न आल्याने एज्राने त्यांना हा दंड केला, असे तालमूद सांगते. मसादा येथील उत्खननात ‘याजकाचा दशमांश’ असा मजकूर असलेले मृत्पात्राचे अवशेष मिळाले आहेत.

कोहेन गादोल (प्रमुख याजक) योहानान याच्या काळात सामान्य लोक तेरुमा काढतात, पण दशमांशांबाबत हयगय करतात असे आढळून आले. त्यामुळे संशयित मालासाठी देमाई हा वर्ग निर्माण झाला. असा माल घेणाऱ्याने याजकाचा भाग व दुसरा दशमांश काढावा, असे ठरले. पहिल्या दशमांशासाठी मात्र पुराव्याची जबाबदारी मागणाऱ्यावर आल्याने लेवीच्या पदरी काही पडत नसे.

पुढे अन्याय याजकवर्गातूनच झाला. मंदिराच्या अखेरच्या दशकांत प्रमुख याजकांचे सेवक खळ्यांवरून दशमांश बळाने उचलून नेत व त्यामुळे गरीब याजक उपासमारीने मरत, अशी नोंद इतिहासकार जोसेफस याने केली आहे. जोसेफस स्वतः याजक कुळातील होता.

मंदिरानंतर

इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर उद्ध्वस्त केले, तरी दशमांशाचे नियम पाळले जात राहिले. बेत शेआनच्या खोऱ्यातील रेहोव येथील प्राचीन सभास्थानाच्या कुट्टिमचित्रात, कोणत्या भागातील कोणत्या पिकांना शेमिता व दशमांशाचे नियम लागू होतात, याची सविस्तर यादी आहे.

सद्यःस्थिती

हे नियम मुख्यतः इस्रायलच्या भूमीत पिकलेल्या मालास लागू होतात. शुद्धीचे विधी करणे आज शक्य नसल्याने तेरुमा कोणीही खात नाही. एकूण मालाच्या शंभराव्या भागाहून किंचित अधिक हिस्सा वेगळा काढून, गुंडाळून आदरपूर्वक टाकला जातो. दुसऱ्या दशमांशाचे पावित्र्य विशिष्ट वाक्ये उच्चारून नाण्यावर संक्रमित केले जाते. आजच्या याजक व लेवींची वंशावळ कागदोपत्री सिद्ध नसून परंपरेने मानलेली असल्याने, पहिला दशमांश त्यांना प्रत्यक्ष देणे आवश्यक आहे की नाही याबाबत धर्मपंडितांत मतभेद आहेत.

सभास्थानातील तोरावाचनास प्रथम याजकाला व नंतर लेवीला पाचारण केले जाते. आशीर्वादापूर्वी लेवी याजकाच्या हातांवर पाणी घालतात. शेतीशी संबंध न उरलेले अनेक यहुदी आपल्या कमाईचा दहावा भाग दानधर्मासाठी बाजूला ठेवतात. यास मासेर केसाफीम म्हणतात.