संस्थान गेले, हत्ती राहिला

एखाद्या घराण्याचे वैभव सांगायचे तर मराठीत अजूनही म्हणतात, त्यांच्या दारी हत्ती झुलत होते. सातारा-सांगलीकडच्या संस्थानांत हे शब्दशः खरे होते. सरदाराला लढाईसाठी घोडा लागे, मिरवायला मात्र हत्तीच हवा. झूल, अंबारी, माहूत आणि रोजचा दीडशे किलोच्या आसपास चारा, असा हा पसारा. दसऱ्याच्या शिलंगणाला तो निघाला की प्रजेला राज्य डोळ्यांनी दिसे.

मार्च 1948 मध्ये औंध, सांगली आणि शेजारची पटवर्धनी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, अशी म्हण आहे. इथे शेपटासकट हत्तीच मागे राहिला. राजाच्या पदरचा मान देवाच्या उत्सवात गेला. सांगलीत गणपती संस्थानच्या हत्तीला केळी-नारळ देत पिढ्या वाढल्या. औंधात यमाईच्या उत्सवात गजराज नावाचा हत्ती चालू लागला.

गजराज औंधला आला तोच मुळी 1960च्या दशकात, म्हणजे संस्थान बुडाल्यानंतर. तेव्हा तो जेमतेम बारा वर्षांचा होता. औंधच्या ज्या राजाने, भवानराव पंतप्रतिनिधींनी, सूर्यनमस्काराचा प्रसार केला आणि गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला स्वराज्याची घटना दिली, त्यांची कारकीर्द 1909 ते 1947, म्हणजे 38 वर्षांची. राजघराण्याच्या या हत्तीने औंधात त्याहून जास्त, तब्बल पन्नास वर्षे काढली. त्यातली बहुतेक साखळदंडात.

हत्ती इतका जगतो कसा? त्याच्या पेशींत कर्करोगाला आवर घालणाऱ्या एका जनुकाच्या वीसेक प्रती असतात. माणसाकडे त्याची एकच प्रत. त्याचे आयुष्य संपवते बहुधा दाढ. हत्तीला जन्मभरात दाढांचे सहा संच येतात. शेवटचा चाळिशीच्या सुमारास येतो आणि साठी-सत्तरीत तो झिजला की समोर चारा असूनही चावता येत नाही. तैवानमधल्या तैपेईच्या प्राणिसंग्रहालयातला लिन वांग 2003 मध्ये वारला, तेव्हा त्याचे वय 86 मानले जात होते. केरळच्या देवस्थानातली दाक्षायणी 2019 मध्ये गेली, तिचे वय 88 सांगितले गेले. मात्र ही वये अपवादाची. 2008 मध्ये 'सायन्स' नियतकालिकातल्या अभ्यासात युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आशियाई हत्तिणींचे मध्यक आयुर्मान जेमतेम एकोणीस वर्षे निघाले; म्यानमारच्या जंगलात लाकडे ओढणाऱ्या हत्तिणींचे जवळपास बेचाळीस. राबणाऱ्या हत्तिणी नुसत्या उभ्या असणाऱ्यांहून दुप्पट जगल्या! फरशीवर उभे राहून तळवे आणि नखे सडतात, हे माहुतांना ठाऊक नव्हते असे नाही.

औंधच्या गजराजाचे दुखणे पायांचेच होते. प्राणिमित्र संघटनांनी आवाज उठवला आणि जून 2017 मध्ये, साठी ओलांडलेल्या गजराजाला मथुरेच्या हत्ती केंद्रात नेण्यात आले. गावातून विरोध झाला, कित्येकांचे डोळे भरून आले. ते प्रेम खोटे नव्हते. पण साखळदंडही खोटे नव्हते. 2018 मध्ये त्याच केंद्राशेजारी देशातले पहिले हत्ती रुग्णालय उघडले.

गजराजानंतर आठ वर्षांनी तोच प्रसंग सांगलीजवळ, शिरोळ तालुक्यातल्या नांदणीत घडला. जैन मठाची हत्तीण महादेवी, लोकांची माधुरी, न्यायालयाच्या आदेशाने जुलै 2025 मध्ये जामनगरच्या 'वनतारा' प्राणिकेंद्रात गेली आणि कोल्हापूर-सांगली परिसर रस्त्यावर उतरला. दोन्हीकडच्या घोषणांत तिच्या वयाकडे फारसे कुणी पाहिले नाही. ती तिशीतली होती. ठीक राहिली तर अजून तितकीच वर्षे जगेल.

सातारा आणि सांगलीच्या रानात हत्तींचे कळप नाहीत, म्हणजे इथला प्रत्येक हत्ती बाहेरून आणलेला. 2003च्या कायदादुरुस्तीने पाळीव हत्तीची खरेदी-विक्री बंद झाली. 2022च्या दुरुस्तीने धार्मिक व अन्य कारणांसाठी त्याचे हस्तांतर करण्याची वाट पुन्हा मोकळी केली. त्या वाटेने नवा हत्ती आणू पाहणाऱ्या विश्वस्तांनी देणगीच्या पावत्यांआधी मोकळी जमीन, पाणी आणि पशुवैद्य यांची पुढच्या साठ वर्षांची तजवीज दाखवावी. ती नसेल तर मिरवणुकीला रथ पुरेसा आहे.