कोंढाणें लेण्यांतील बलकाचा लेख

दिल्लीस जाणारे प्रवासी राष्ट्रीय संग्रहालयांत पितळखोऱ्याचा ठेंगणा, हसतमुख यक्ष पाहतात. कण्हदास नामक सोनारानें तो घडविल्याचा ब्राह्मी लेख त्याच्या हातावर आहे. परंतु याच जातीचा दुसरा लेख कर्जत तालुक्यांत, उल्हास नदीच्या खोऱ्यांत, राजमाचीच्या पायथ्याशीं मूळच्या जागींच आहे, हें थोड्यांस ठाऊक असतें.

कोंढाणें येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागीं, डाव्या अंगास, एका भव्य मूर्तीचें भग्न मस्तक उरलें आहे. त्याशेजारीं एका ओळींत कोरिलें आहे कीं, कण्हाचा अंतेवासी, म्हणजे शिष्य, बलक यानें हें केलें. अक्षरवटिका इसवी सनापूर्वीं दुसऱ्या-पहिल्या शतकांतील दिसते.

हे दोघे एकच काय? काळ जवळचा व दोन्ही लेख कारागिरांचे; तेव्हां असा तर्क होणें साहजिक आहे. तथापि एक ‘कण्हदास’, दुसरा नुसता ‘कण्ह’. एकाचा धंदा सांगितला आहे, दुसऱ्याचा नाहीं. शिवाय नाशिकच्या लेण्यांत सातवाहन राजाचेंही नांव कण्हच आहे. सबब केवळ नामसादृश्यावरून ऐक्य मानणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

भेद आहे तो जतनाचा. सुटी मूर्ति राजधानीस नेतां आली, तिला छप्पर मिळालें. कातळ नेतां येत नाहीं, आणि बलकाचीं अक्षरें उघड्यावर पावसाळे सोशीत आहेत. याकरितां तेथें जाणाऱ्या संशोधकांनीं तिरप्या उजेडांत त्यांचीं छायाचित्रें घेऊन ठेवावीं. मात्र अक्षरांस खडू लावूं नये, इतकीच विनंति.